काचेवरचं लुगडं

नागुबाई माझी थोरली जाऊ. धर्माबादच्या आडतीत पस्तीस वर्षं मिरची निवडली तिनं. मिरची नुसती हातात घेतली की वाळली किती, रंग टिकंल का, डोळे झाकून सांगायची. तिच्या मिरचीच्या रंगाला गावात तोड न्हाई, आन् तिला त्याचा लई ताठा. मी तोंडावर म्हणायची, "बाई, मिरची काय सरगात संगं येती का?" ती हसायची.

मागच्या साली तिच्या नवऱ्याच्या, आमच्या निवृत्ती भावजींच्या, किडन्या बिघडल्या. डॉक्टरनं बोरचं खारं पाणी बंद सांगितलं. गावात दुसरं पाणी हाय कुठं? मग गावातल्याच आनंदराज इंजिनिअरनं अंगणात काचेची पेटी बसवून दिली. आत दोन खण. एकात खारं पाणी. उन्हानं वाफ होऊन काचेला लागायची, तिथून गोड पाणी थेंब थेंब कॅनीत. तिथलीच ऊब दुसऱ्या खणातली मिरची वाळवायची. भावजींपुरतं पाणी रोज निघायचं.

माघात मिरची तोडून पेटीत घातली. कडक उन्हात मिरची पांढरी पडती, ह्ये नागुबाईच्या हाडात मुरलेलं. पाण्याच्या खणाची ऊबबी मिरचीला जास्त हुईल म्हणून तिनं जुनं लुगडं काढलं आन् दोन्ही खणांवर पसरलं. थेंब बंद.

"अगं बया, पाणी?" मी वरडले.

"तीन दिवसांचा सवाल हाय, तारामती. जन्मभर ह्येच पाणी पिलो की आपुन!"

तीन दिवस तिनं कॅनीत बोरचं पाणी भरलं. मला ठावं होतं, तरी मी गप बसले. माझ्याच थोबाडीत मारायला पायजे.

"पाणी कसं लागतंय?" तिनं भीत भीत विचारलं.

"गोड हाय," भावजी म्हणले.

चौथ्या दिवशी त्यांचे पाय सुजले, दम लागला. नांदेडला दवाखान्यात टाकलं. नागुबाईनं लुगडं वढून फेकलं, दोन दिवस पेटीपाशी बसून कॅन भरली आन् एसटीत मांडीवर धरून नेली. मी संगंच होते.

भावजींनी एक घोट घेतला. "हां. ह्ये खरं गोड."

"मंग तवा खोटं का बोललाव?" नागुबाईचा आवाज फाटला.

"तुझा जीव मिरचीत अडकला होता." जरा दम खाऊन त्यांनी विचारलं, "आला का रंग?"

तसली लाल मिरची तिच्या हातून आजवर झाली नव्हती. तिनं मान हलवून न्हाई म्हणलं, आन् पदरात तोंड खुपसून रडाया लागली.