आत्याच्या बाहीवरचं हिम

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, भूतबाधा यांना कडावच्या आमच्या घरात कधी थारा मिळाला नाही. "आधी बघ, मग मान" हे आत्याचं वाक्य ऐकत मी वाढलो. त्यात माझं काम रेफ्रिजरेशनचं, रसायनीच्या एका कंपनीत चिलर सांभाळतो. बर्फ कसा होतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही... असं मला वाटायचं!

आत्या म्हणजे सुलभाबाई, निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर भूगोल शिकवला. हिमाचा धडा आला की फळ्यावर सहा हातांची चांदणी काढायची. एकदा एका मुलीने विचारलं की बाई, तुमी बघितलंय का? आत्याने खरं ते सांगितलं, नाही म्हणून. पण ते तिला कायमचं टोचत राहिलं. स्वतः न बघितलेलं पोरांना मानायला लावलं, असं म्हणायची. पुढे काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याने जेमतेम सावल्या दिसायच्या. काश्मीरला न्यायचं म्हटलं तर डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं. म्हणजे राहिलं ते राहिलंच.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तिला खालापूरकडच्या एका पार्कातल्या स्नो-रूममध्ये नेलं. भाड्याचं काळं जॅकेट, पायात गमबूट... आत्या काय झकास दिसत होती! आत ब्लोअरमधून पांढरं उडत होतं. तिने मूठभर उचललं, बोटांत चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा गोळेवाल्याचा चुरा हाय रं. ह्याला हात कुठायत?"

बरोबरच होतं तिचं. तिथे बर्फ किसून उडवतात. खरं हिम वर ढगात जन्मतं. धुळीच्या कणावर वाफ गोठते, पाणी न होता थेट, आणि रमतगमत खाली येताना त्याला हात फुटतात. दोन मजले उंचीच्या छताखाली ते जमणं शक्यच नाही. मला स्वतःचाच राग आला. ब्लोअरचा आवाज तिला सोसेना, म्हणून मी ऑपरेटरला तो बंद करायला लावला. पर्यटकांची पुढची बॅच अजून यायची होती. आत आम्ही दोघंच.

सगळं शांत झालं. आणि मग... वरून काहीतरी उतरायला लागलं. अगदी सावकाश. मी मान वर केली, तर नुसतं पत्र्याचं छत! मशीन बंद, वारा नाही, दार बंद... आणि आत्याच्या काळ्या बाहीवर ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं पांढरं येऊन बसत होतं.

आत्याने बाही डोळ्याशी नेली.

"सहा," ती म्हणाली. "सहा हायेत, सुमेध. आन् ह्या मोठीचा डावीकडचा एक हात मोडलाय."

अहो, जी बाई मला आवाजावरून ओळखते, ती! मला चष्मा लावूनही ठिपकेच दिसत होते. मोबाइलवर फोटो काढला, झूम केला. सहा हात. डावीकडचा एक मोडका! मी अक्षरशः ओरडलो.

ती मात्र वर्गात सांगावं तसं सांगत राहिली. टोकं आधी विरघळली, मग हात आखडले, मग नुसती टिकली उरली, मग थेंब. आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली.

ऑपरेटर धावत आला तोवर पडायचं थांबलं होतं. नंतर मी कंपनीत सगळ्यांचं डोकं खाल्लं. दमट हवा आत शिरली असेल, कुणी म्हणालं. पण तशाने पडला तर भुगा पडेल, असे हात नाही फुटत. आणि आत्याच्या डोळ्याचं काय?

पावसाळा सरता सरता तो डोळाही गेला. हा अनुभव लिहू का, असं तिला विचारलं.

"चमत्कार म्हणून लिहू नकोस," ती म्हणाली. "कसं झालं ते ठाऊक नाय, असं लिही. आन् मी बघितलं, तेबी लिही."

कसं झालं ते ठाऊक नाही. आत्याने बघितलं.