लोणी काळभोरला गेलेला आवाज

आई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. नोकरीतली बरीच वर्षं तिच्याकडे सोलापूरची लाइन होती. डोक्यावर पट्टी, डाव्या कानावर हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. अनोळखी माणसांना जोडून द्यायचं आणि लाइन साफ आहे का तेवढं ऐकायचं. बोलणं ऐकायचं नाही, आवाज ऐकायचा, असा तिथला शिरस्ता होता. निवृत्तीनंतरही तिने तो मोडला नाही.

आमच्या घरात गाणं नव्हतं. रेडिओ वडिलांचा होता आणि तो बातम्यांपुरता लागे. ड्यूटीवरून आल्यावर आईला शांतता लागायची. वडील गेले, त्यानंतर काही वर्षांनी मी सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर डिश बसवून घेतली, ती बाहेरच्या देशांतल्या बातम्या पाहता याव्यात म्हणून. मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. ड्यूटी चारला सुरू होई, सकाळ मोकळी असे.

एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर रिमोट आईच्या हातात होता. ती एकेक नंबर पुढे जात होती, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत होती. लाइन तपासावी तसं. दक्षिणेकडच्या एका वाहिनीवर ती थांबली. एक बाई मांडी घालून गात होती. मागे फक्त तंबोरा. भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"ते तिचं तिला माहीत. पण बाई इथे बसलीय." आईने टीव्हीसमोरच्या सतरंजीकडे बोट केलं.

तेव्हापासून ते सुरू झालं. केरळ, काश्मीर, आसाम, कधी एखादी अरबी वाहिनी. राग, ताल, गायकाचं नाव यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. माणूस किती लांब उभा आहे हे ती सांगायची आणि त्यासाठी तिच्याकडे सोलापूर रस्ता होता, आमच्या घरापासून लांब लांब जाणारी त्यावरची ठिकाणं. उत्तम आवाज म्हणजे 'घरात'. जरा दबलेला असेल तर 'स्वारगेट'. त्याहून पातळ, कडा झिजलेला, तो 'हडपसर'. त्याच्या पुढे 'लोणी काळभोर'. तिथपर्यंत गेलेल्या माणसाचं ती ऐकत बसत नसे. एकच गायक एका वाहिनीवर घरात आणि दुसरीवर हडपसरला असू शकतो, हे मला तिच्यामुळे कळलं. त्याआधी मी मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजत होतो.

"मोठा म्हणजे जवळ नव्हे," ती म्हणाली. "लांबचा माणूसच ओरडतो. सोलापूरचे सगळे व्यापारी ओरडायचे."

गाणं चालू असताना पंखा बंद. एप्रिलमध्येसुद्धा. शेजारच्या काकू एकदा पदराने वारा घेत म्हणाल्या, "अहो, पंखा तरी लावा."

"गाणं संपलं की लावते. तोवर तुम्हाला घाई असेल तर अडवत नाही."

काकू बसून राहिल्या. पुढे त्याही विचारू लागल्या, "आज कुठवर?"

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दरम्यान मी निवृत्त झालो. मग एका पावसाळ्यात केरळची बाई स्वारगेटला गेली. आई म्हणाली, डिशला पाणी लागलं असेल. पाऊस संपला तरी बाई परत आली नाही. दिवाळीच्या सुमारास ती हडपसरला होती आणि काश्मीरचा सारंगीवाला लोणी काळभोरला. आईने आवाज वाढवला नाही. आवाज वाढवून अंतर कमी होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. ती वाहिन्या बदलत राहिली.

मी डिशवाल्याला बोलावलं. त्याने गच्चीवर मीटर लावलं, वायर बदलली, खाली येऊन पाच मिनिटं गाणं ऐकलं. मग मला जिन्यात घेऊन गेला.

"काका, सिग्नल एकदम ओके आहे. साउंडपण क्लिअर. आजींचे कान चेक करून घ्या ना एकदा."

आत आलो. आई खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती.

"काय म्हणाला?"

"बॉक्स खराब आहे म्हणाला. बदलावा लागेल."

हे वाक्य मी बोललो. ते का बोललो याचं उत्तर मी अनेकदा शोधलं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतली चूक काढणं हे माझं काम होतं. पण तिच्याकडे नाव घेण्यासारखं एकच होतं, तिचा कान, आणि तो गेला हे सांगणारा मी असू नये असं मला वाटलं. डॉक्टरकडे नेऊ, पण पुढच्या महिन्यात. तो महिना दोन वर्षं लांबला. नवा बॉक्स आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, थोडा फरक आहे. मी वेगळा स्पीकर आणला. त्यानेही थोडा फरक पडला. एका दुपारी मी चहा घेणार का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तूसुद्धा आता लोणी काळभोरला जाऊन बोलतोस." दुसऱ्या दिवशी मी अपॉइंटमेंट घेतली.

कानाच्या तपासणीसाठी काचेची छोटी खोली असते. माणसाने आत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिथली मुलगी हेडफोन घालायला पुढे झाली तेव्हा आईने तिचा हात बाजूला केला. पट्टी स्वतः डोक्यावर बसवली, दोन्ही कानांवर सारखी केली, पाठ सरळ केली. काचेतून मला ती दिसत होती. ड्यूटीवरची आई मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिने बटण फारच थोड्या वेळा दाबलं. मध्ये बराच वेळ ती तशीच बसून होती, अंगठा बटणावर ठेवून.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "एकही चुकवला नाही ना मी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेली होती. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हणालो. "आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. "न ऐकलेले आवाज मेंदू विसरत जातो. मशीन देऊ, पण सगळं परत येईल असं नाही." आईला ऐकू यावं म्हणून ते हे मोठ्याने बोलले.

रिक्षा टिळक रस्त्याला लागली. आई म्हणाली, "म्हणजे तो बॉक्स चांगला होता."

"हो."

"बातमी दाबलीस."

 ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तिने रागावावं असं मला नंतर अनेक दिवस वाटत राहिलं.

मशीन आलं. बोलणं तिला बरंच कळू लागलं. गाण्याचा प्रयोग आम्ही एका रविवारी केला. पंखा बंद केला, केरळची वाहिनी लावली. ती अर्धं गाणं ऐकत राहिली, मग मशीन काढून तळहातावर ठेवलं. "सगळे एकदम घरात घुसलेत. भांडी घेऊन. माणूस एकही नाही."

आता सकाळी टीव्ही लागतो, पण मशीन डबीत असतं. ती गाणाऱ्यांचे हात आणि गळे पाहते. मला शेजारी, तिच्या उजव्या बाजूला बसावं लागतं. परवा एक नवा मुलगा गात होता. तिने पडद्याकडे पाहतच विचारलं, "कुठे आहे?"

"घरात," मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो.

तिने मान वळवली. "नीट ऐकून सांग."

मी पंखा बंद केला आणि परत येऊन बसलो. डोळे मिटले. आवाज मोठा होता, पण पातळ. वरच्या सुरांच्या कडा झिजल्या होत्या. मी शेवटपर्यंत ऐकलं.

"हडपसर," मी म्हणालो.

"मग पुढचं लाव," आई म्हणाली.