खांबावरचा दगड

डोलिनाने आमच्या खोऱ्यात तीस वर्षं टपाल वाटलं. कुणाच्या घरी कुणाचं पत्र येतं हे तिला पाठ, पण तोंडातून एक अक्षर कधी बाहेर पडलं नाही. निवृत्त झाल्यावरही पायांना चैन पडेना. रोज अकराला ती तांबड्या टेकडीवर जायची. टेकडी कसली, माझ्या कोंबड्याही चढतील. हेदरची कमरेएवढी काटक झुडपं आणि मधून मेंढ्यांची वाट. वर फोनला रेंज मिळते आणि तिची मुलगी आहे न्यूझीलंडला, म्हणून ही हौस.

वसंतात आम्ही जुनं हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतो, म्हणजे मेंढ्यांना कोवळे कोंब मिळतात. त्या दिवसांत वर जाणाऱ्याने फाटकाच्या खांबावर एक दगड ठेवायचा आणि खाली आल्यावर काढायचा. खांब मोकळा असेल तरच माझा भाऊ मर्डो काडी ओढतो. डोलिना मात्र दगड ठेवायची नाही.

"मी काय एव्हरेस्टवर चाललेय?" म्हणायची.

"अगं, ठेव की. हात झिजतात का तुझे?" मी दर वर्षी डाफरायचे. माझा स्वभावच तसा आहे, चिडका.

त्या एप्रिलमध्ये पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. हेदर पायाखाली कडकड मोडत होतं. डोलिनाचा गुडघा दुखत होता, आठवडाभर ती वर गेली नव्हती. टेकडीच्या मागच्या अंगाला एक मेंढी व्यायली होती, म्हणून मी तिकडे गेले. परतले तेव्हा साडेअकरा झाले होते, काखेत ओलं कोकरू होतं. खांबावर एक दगड दिसला. आपलाच, म्हणून उचलला आणि चरात भिरकावला.

"मर्डो, खांब मोकळा!" मी ओरडले.

मर्डोने काडी ओढली. वाऱ्याने ज्वाळा सरळ माथ्याकडे नेल्या. धूर पिवळा होता, मला तो आवडला नाही. कोकराला पुसायला फडकं काढावं म्हणून कोटाच्या खिशात हात घातला तर हाताला दगड लागला. सकाळी मी तो उचलला होता आणि फाटक उघडायच्या नादात खिशातच टाकला होता. मग खांबावरचा कुणाचा होता? अकराला वर जाणारी एकच होती.

मी वेड्यासारखी हाका मारत सुटले. मर्डो झोडप्याने आग झोडत होता, पण ती त्याच्या आटोक्यात राहिली नव्हती. तासभर धुरापलीकडे काही दिसलं नाही. त्या तासात मी डोलिनाला मनातल्या मनात पुरलं, हे खोटं कशाला बोलू?

ती आली ती गेल्या वर्षीच्या जळालेल्या पट्ट्यावरून. तिथे जळायला काही उरलं नव्हतं म्हणून वाचली. डावी भुवई गेली होती, हातावर फोड आले होते.

"मर्डो, आंधळा झालास का रे?" ती खोकत म्हणाली. "गुडघा दुखत होता, भीती वाटली, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दगड ठेवला मी."

मर्डोने माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून तो थांबला होता. माझी मूठ खिशात दगडावर आवळलेली होती.

"बघायचं तरी नीट, मर्डो," मी म्हणाले.

तो झोडपा भिंतीला टेकवून घरी गेला. गावाने त्याला नावं ठेवली, त्याने ती ऐकून घेतली. माझ्याशी मात्र त्या दिवसापासून बोललेला नाही.

आता एप्रिल पुन्हा आलाय, कोरडाच. जाळायला पलीकडच्या खोऱ्यातली माणसं येणार आहेत. डोलिना आताच वर गेली, हात हलवत, दगड न ठेवता. "ठेवून काय मिळालं?" म्हणते. मी तिच्या नावाने माझ्या खिशातला दगड खांबावर ठेवलाय आणि ती उतरेपर्यंत इथून हलणार नाही. समोर मर्डोच्या घराची खिडकी आहे. तो तिथून बघतोय.