ओनोदेरांचा रंधा

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये मोहन दाबके यांना ओळखणारा कुणीही सांगेल, हा गृहस्थ तारीख उलटायच्या आधीसुद्धा दूध हुंगून बघतो. दवाखान्यांतली यंत्रं तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. खोट शोधायची ती सवय घरीही सुटत नसे. फुकटचं कॅलेंडर मिळालं तरी ते आधी उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायचे.

खालच्या मजल्यावर ओनोदेरा नावाचं जपानी जोडपं राहायला आलं आणि मोहनरावांना नवं काम मिळालं. मोहनरावांची बायको विभावरी मोकळ्या स्वभावाची, तोंडभरून कौतुक करणारी. पहिल्यांदा खाली चहाला गेली ती निळा वाडगा घेऊन आली. दुसऱ्यांदा रेशमी रुमाल. तिसऱ्यांदा भिंतीवरचं बगळ्याचं चित्र.

"तू मागितलंस?"

"अहो, मी नुसतं छान आहे म्हटलं!"

"नुसतं छान म्हटल्यावर कोणी भिंत रिकामी करतं का? काहीतरी हवं असणार त्यांना."

काय हवं असेल? तळघरातली सायकलची जागा? कंपनीत शिफारस? मोहनराव जिन्यात भेटले की ओनोदेरांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत. ओनोदेरा वाकून 'गुटन टाग' म्हणत आणि बाजूला होत. त्यातही मोहनरावांना काहीतरी दिसायचं.

त्यात एक दिवस ती दोघं वर जेवायला आली. पुरणपोळी दोनदा मागून घेतली, पण विभावरीची फ्रेम केलेली पैठणी, पितळी समई, नवा सोफा, कशाबद्दल चकार शब्द नाही. "बघ, नाक मुरडतात आपल्याला," मोहनराव दार लागल्यावर म्हणाले.

शेवटी त्यांनी ठरवलं, यंत्राची करतो तशी चाचणी घ्यायची. पुढच्या रविवारी ते स्वतःच खाली गेले. फडताळावर एक जुना लाकडी रंधा होता, वापरून वापरून काळा पडलेला. मोहनरावांनी तो हातात घेतला. "वुंडरबार! असं काम आता कुठे बघायला मिळतं! हे पातं, ही घडण!" तीनदा म्हणाले. ओनोदेरांनी मान लववली. त्यांची बायको साची कपात चहा ओतत होती, तिचा हात क्षणभर थांबला. मोहनरावांनी तेही टिपलं.

सोमवारी सकाळी दाराशी निळ्या कापडात बांधलेला रंधा होता.

"आता बोल!" मोहनराव विभावरीला म्हणाले. ती कपड्यांची बादली घेऊन तळघरात गेली. तिथे साची धुण्याच्या मशीनपाशी उभी होती. विभावरीने सरळच विचारलं. साची आधी हसली, मग अडखळत सांगू लागली. आमच्याकडे पाहुण्याने एखाद्या वस्तूचं फार कौतुक केलं की ती त्याला हवी आहे असं यजमानाला वाटतं, मग न देणं बरं दिसत नाही. म्हणून आपण दुसऱ्याकडे गेलो की जेवणाचं कौतुक करायचं, वस्तूंबद्दल जपून बोलायचं. "हल्ली सगळे असं पाळत नाहीत. पण ह्यांच्या घरी फार. तो रंधा माझ्या सासऱ्यांचा. ते सुतार होते."

विभावरीने वर येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. मोहनराव खुर्चीत बसून राहिले. कामावर फोन करून उशिरा येतो म्हणाले. नुसता परत नेऊन ठेवावा, तर त्या माणसाचा अपमान. ठेवून घ्यावा, तर त्याच्या वडिलांचं हत्यार आपल्या घरात.

तासाभराने ते रंधा घेऊन खाली गेले.

"हेर ओनोदेरा, मला हा चालवता येत नाही. शिकवाल का? आणि वर ठोकाठोक केली तर शेजारी तक्रार करतील. इथेच राहू दे, मी शनिवारी येत जाईन."

ओनोदेरांनी रंधा दोन्ही हातांत घेतला. मग कमरेत वाकून त्यांनी शनिवारची वेळ सांगितली.

शनिवारी कळलं, आपल्याकडे रंधा पुढे ढकलतात, हा स्वतःकडे ओढायचा. मोहनरावांनी काढलेली लाकडाची पहिली साल फाटली. दुसरी थोडी लांब निघाली. ओनोदेरा "गेनाऊ, गेनाऊ", अगदी असंच, म्हणाले आणि हसले.

त्या दिवशी आपण मुद्दाम कौतुक केलं, हे ह्यांनी ओळखलं असेल का? मोहनराव अजूनही अधूनमधून त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात. विचारायचा धीर मात्र झालेला नाही.