आत्याच्या हातची गाठ

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मासळीचं जाळं पसरलं, तेव्हा कुठं नाशकात मला लोक ओळखायला लागले. त्याआधी मी नुसता दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा.

मी मूळचा सुरगाण्याकडचा. भात कापून झालं की आमची माणसं जीपमध्ये कोंबून कामाला बाहेर जातात. मी डहाणूच्या बाजूला गेलो, होडीवर खलाशी झालो आणि तिथल्याच जाळी शिवणाऱ्या घरातली बायको केली. जन्म किनाऱ्यावर गेला. म्हातारपणी ती आजारी पडली, म्हणून मुलानं आम्हाला इथं आणलं. मागोमाग तिच्या भाच्यानं टेम्पोत घालून जाळंही पाठवलं. त्या घरात जाळं शिवायचं ते आत्यानंच, म्हणजे माझ्या बायकोनं. दुसऱ्याची गाठ त्यांना चालत नाही.

जाळ्याला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड होतं. ते कसं पडलं ते सांगतो, कारण त्यावरूनच लोकांनी आम्हाला खुनी ठरवलं.

आम्ही डॉल्फिनला गादा म्हणतो. तो मासा नाही, त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात गुंतला की बुडून मरतो. आम्ही नाशकात यायच्या थोडं आधी एक दिवस भाच्याच्या जाळ्यात दोन अडकले, मादी आणि पिल्लू. मादी जिवंत होती. भाच्यानं सुरी घेऊन जाळं कापलं आणि तिला सोडलं. हातातलं एकुलतं एक जाळं हो! पिल्लू मेलेलं होतं. ते तिथंच पाण्यात टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण गादा दिसला की मासळी जवळ आहे असं समजायचं, त्याला कचऱ्यासारखं फेकायचं नाही, ही आमची रीत. ते त्यानं किनाऱ्यावर आणलं. मी खड्डा खणला, त्यानं नारळ ठेवला.

तेवढ्यात फिरायला आलेल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो सगळीकडं फिरला. सुरी दिसली, मेलेलं पिल्लू दिसलं. नारळ नाही दिसला. मग वनखात्याचे साहेब लोक आले. चौकशी होईपर्यंत होडी बांधून ठेवा म्हणाले. ऐन हंगामात! बाहेर मोठे ट्रॉलर समुद्र खरवडत होते. त्यांच्या जाळ्यात काय मरतं ते बघायला मोबाइल घेऊन कोण जातो? कोणी नाही.

आता पावसाळ्याची मासेमारी बंदी उठायच्या आत जाळं तयार हवं होतं. नाहीतर होडी पुन्हा किनाऱ्यालाच आणि भाच्याच्या घरची चूल थंड. म्हणून बायको पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायची. मी सुईत दोरा भरून द्यायचो, ती गाठी मारायची.

वरच्या मजल्यावरचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ नाक दाबून आले.

"आजोबा, हा वास कसला?"

"समुद्राचा."

"तो डॉल्फिनचा व्हिडिओ तुमच्याच लोकांचा ना? मला तर बघवला नाही."

बायकोनं मान वर केली नाही. "भाऊ, रविवारी तुमच्याकडं पापलेट तळतात. वास खालपर्यंत येतो. आम्ही काय बोललो का कधी?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? ते काय रामकुंडात गळ टाकून काढलं?"

वॉचमन हसला. गृहस्थ म्हणाले, "परदेशात जाळ्याला आवाजाचं यंत्र लावतात. डॉल्फिन लांब राहतात. तुम्ही का नाही लावत?"

"आणा," मी म्हणालो. "आत्ता लावतो."

ते लिफ्टनं वर गेले. संध्याकाळी कमिटीचा निरोप आला, जाळं उचला. उचललं. मग ती घरात गॅलरीत बसून शिवायला लागली. बोटं सुजायची. भगदाड अर्धं भरलं आणि ती गेली.

भेटायला आलेले म्हणायचे, सुटल्या बिचाऱ्या. मला तिडीक यायची. सुटायचं कुणाला होतं? तिला हंगाम बघायचा होता.

दहाव्याला भाचा आला. घाटावरून घरी आल्यावर म्हणाला, "आतोबा, जाळं आहे तसंच द्या. दोरीनं आवळून घेतो."

"आवळलेल्या जाळ्यात काय येणार? बस इथं."

तिच्या हाताखाली मी नुसता दोरा भरत होतो, पण डोळे काही मिटलेले नव्हते. बसलो शिवायला.

भाचा बघत राहिला. "ही गाठ म्हणायची का बेडूक?"

"तुझ्या आत्यानं काय मला गाठी मारायला दिल्या होत्या?"

तो हसता हसता रडायला लागला. मी काही थांबलो नाही. शेवटची गाठ झाली तेव्हा बंदी उठायला आलेली होती. आम्ही दोघांनी जाळं टेम्पोत चढवलं. तिचं शिवण कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"परत गादा अडकला तर?" त्यानं विचारलं.

"तर काप."

"कापीन. पण शिवणार कोण आतोबा?"

"आधी माझ्या बेडकांत मासळी अडकते का बघ," मी म्हणालो. "अडकली, तर कापलेलं जाळं आण इकडंच."