पाचवा खांदा

नरसम्मा कुणाच्याही घरात शिरली की आधी भुईकडे बघायची. माणसं, भांडीकुंडी, देव्हारा, सगळं नंतर. लग्न होऊन मी सोलापूरला आले त्याच आठवड्यात ती समोरच्या खोलीतून आमच्याकडे आली. मी नवी नवरी पाट मांडून, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आणि ही बाई मान खाली घालून टाचेने भुई ठोकून बघतेय. मला वाटलं, माझ्या सारवणाला नावं ठेवतेय. मनातल्या मनात मी तिला दोन शब्द सुनावलेसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली, "चांगली हाय की भुई. कमरेएवढं खणलं तरी ढासळायची न्हाई." घरात कमरेएवढं कोण कशाला खणेल, हे मला कळेना.

कळलं ते तिच्या खोलीत गेल्यावर. खोलीच्या मधोमध खड्डा, आणि खड्ड्यात पाय सोडून ती मागावर बसलेली. आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांचे हातमाग असेच होते. माग भुईलगत, विणणाराही भुईवर, आणि पावड्या दाबणारे पाय तेवढे खाली खड्ड्यात. मागावर पुरुषाने बसायचं आणि बाईने सुताच्या कांड्या भरायच्या ही रीत. नवरा गेल्यावर नरसम्मा स्वतःच खड्ड्यात उतरली. गल्लीने यथेच्छ नावं ठेवली. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खटखटाटात तिला ती ऐकूच आली नसावीत, किंवा तिने ऐकायची नाहीत असं ठरवलं असावं. दुसरंच खरं असेल. तिला जे नको ते तिच्या कानात कधीच शिरत नसे.

मी तिच्या मुलीच्या वयाची, तरी ती मला 'अम्मा' म्हणायची. तेलुगूत लहान मुलींनाही लाडाने असं म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तोवर मी उगीच स्वतःला मोठी समजत होते. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं : "सैल सोडलं की गुततंय." हे मागाच्या ताण्याबद्दल. लुगड्याचे उभे धागे सतत ताणलेले राहिले पाहिजेत, जरा ढिले पडले की एकमेकांत अडकतात आणि मग सोडवता सोडवत नाहीत. पण हेच वाक्य ती माझ्या वेणीबद्दल म्हणायची, आमच्या यांच्या पान खाण्याच्या सवयीबद्दल म्हणायची, आणि पोटच्या पोराबद्दलही म्हणायची.

पोराचं नाव अंबादास. तो मागावर बसायचा सोडून मिलमध्ये लागला तेव्हा तिने त्याचं अंथरूण उचलून दाराबाहेर ठेवलं होतं. "भोंग्यावर उठणारा माझ्या घरात झोपायचा न्हाई," एवढंच म्हणाली. तोही तिचाच मुलगा. अंथरूण उचलून जो गेला तो मिलच्या चाळीत राहायला लागला. मायलेकांचं बोलणं बंद झालं. गल्लीच्या तोंडाशी दस्तगीर टांगेवाला उभा असायचा; त्याच्याकडून अंबादास आईची खबर काढून परस्पर निघून जाई. आईला हे माहीत होतं. दस्तगीर दिसला की ती खबर न विचारता नुसती त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो म्हणायचा, "अच्छा है अम्मा, जाडा हुआ है."

अशात आमच्या मालकाने ती जागा विकली. घेणाऱ्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. पाडव्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी खोल्या रिकाम्या हव्यात, त्याच दिवशी माळवद उतरवायला माणसं येतील, असा निरोप आला. आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे फरशीची खोली मिळाली. मला दिवस गेलेले होते, तेव्हा सामानाला हात लावायचा नाही अशी ताकीद नरसम्माने मला दिली आणि यांना चारचौघांत सुनावलं, "मास्तर, ती गाडगी तुमी बांधा. शाळेत गाठ शिकिवत न्हाईत व्हय?" यांनी निमूटपणे गाडगी बांधली. दोन फुटली.

तिला मात्र घर मिळेना. तिच्याबरोबर मी किती दारं झिजवली! प्रत्येक ठिकाणी ती उंबऱ्यातूनच भुई बघायची. फरशी दिसली की आत न जाताच मागे फिरायची. मातीची भुई मिळाली तर मालक खड्डा ऐकून दार लावून घ्यायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "भिंती तरी बघा की हो, ओल आहे नाही ते." ती म्हणाली, "भिंती सावकारानं बघाव्यात अम्मा. विणकराचं घर भुईत असतंय."

शेवटी तेलाचा व्यापार करणाऱ्या शिवप्पांची मागची खोली सापडली. भुई मातीची, उजेड चांगला. शिवप्पा लिंगायत, घरात कानडी, बाजारात मराठी. सगळं जमत आलं आणि खड्ड्याचं निघालं. ते ताडकन उठलेच. "बेडा, बेडा! नकोच ते! खड्डा खणून त्यात माणूस बसवायचा? ओ बाई, आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतेत. माझ्या घरात कसलं अभद्र बोलताय?"

मला वाटलं, हेही घर गेलं. हातात चारच दिवस उरले होते. नरसम्मा शांतपणे म्हणाली, "तुमच्या खड्ड्यातला बसला की उठत न्हाई, मालक. माझ्यातला रोज सांजच्याला उठून भाकरी थापतोय."

आतल्या दाराआड शिवप्पांच्या बायकोला हसू आवरेना. शिवप्पा कानडीत आत काहीतरी ओरडले, आतून त्याहून मोठ्याने उत्तर आलं, आणि खोली मिळाली. अट एकच. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो, त्याच्या आत माग उंबऱ्याच्या आत आला पाहिजे. राहुकाळात काही आणाल तर त्यांचं दार बंद. एकदा का दार बंद झालं की माग रस्त्यावर, कारण इकडे छप्परही उरणार नव्हतं.

"मग सोडा की माग आणि सुटा सुटा न्या," मी म्हटलं. मागावर लुगडं अर्धं विणून झालेलं होतं. ताणा कापला तर माग सुटा होतो, मुलंसुद्धा एकेक लाकूड उचलून नेतील. नरसम्माने ताण्यावर हात ठेवला. मग ती सांगायला लागली. तिचा नवरा मागावरच गेला होता. खोली ही एवढीशी. त्याला निजवायला जागा करायची म्हणून भाऊबंदांनी कोयत्याने ताणा कापला आणि माग बाजूला ओढला. "त्यो गेला ते मी बघितलं," ती म्हणाली. "पर ताणा तुटल्याचा आवाज अजून येतोय अम्मा. आता जित्या मागाला पातं लावायचं न्हाई."

म्हणजे सगळा ताणा, फणी आणि विणलेलं लुगडं गुंडाळलेलं लाकूड तसंच्या तसं उचलायचं. दोन लांब बांबूंना ते ताणून बांधायचं, धूळ लागू नये म्हणून वर पांढरं धोतर टाकायचं, आणि खांद्यावर घेऊन तसंच ताणलेलं न्यायचं. ती हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जे आलं ते मी बोलले नाही. तीच बोलली. "दिसतंय तसंच. म्हणून चौघांनी उचलायचं न्हाई. चौघं माणसाला. मागाला पाच."

पाच जण तिने निवडले. गल्लीतले तिघे विणकर, आमचे हे, आणि पाचवा दस्तगीर. नव्या खोलीतला खड्डा तिने स्वतः खणला. रोज संध्याकाळी आत उतरून पाय सोडून बघायची आणि पुन्हा खणायची. मला तो खोल वाटला. तिचे पाय तळाला टेकत नव्हते. मी तसं म्हटल्यावर म्हणाली, "पावडीखाली लाकूड ठेवीन की मी." एवढा खोल खणून मग लाकूड कशाला ठेवायचं, हे मी विचारलं. ते तिच्या कानात शिरलं नाही.

शुक्रवार उजाडला. माग बांबूंना बांधून अंगणात ठेवलेला, वर पांढरं धोतर. उन्हं अंगणात उतरली तरी दस्तगीर आला नव्हता. माळवद उतरवणारी माणसं शिड्या लावून वर चढली आणि पहिली कुदळ पडली. नरसम्माच्या रिकाम्या खोलीत माती कोसळली; धोतरावर धुळीचा थर बसायला लागला. आमचे हे सारखे घड्याळ काढून बघत होते आणि त्यामुळे सगळ्यांचा जीव आणखीच टांगणीला लागत होता.

"चला, चौघं पुरेत," एक विणकर म्हणाला. "वजन कितीसं हाय?"

"वद्दु," नरसम्मा म्हणाली. नको.

"अगं, दार बंद हुईल तितं!"

"हुऊ दे."

ती बांबूवर हात ठेवून खालीच बसली. मी पुढे होऊन म्हटलं, "मी देते पाचवा खांदा." तिने माझ्या पोटाकडे बघून मला नुसतं हाताने मागे सारलं. विणकर आपसांत तेलुगूत चिडून बोलायला लागले. एकाने तर कंबरेचा विळा काढून दाखवला, कापून मोकळं करू म्हणून. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मला त्या दस्तगीरचा असा संताप आला की तो समोर असता तर मी माझ्या अवस्थेचीही पर्वा केली नसती.

तेवढ्यात टांगा आला. दस्तगीर खाली उतरला आणि खांदा चोळत म्हणाला, "मेरा खांदा दुखता अम्मा. बदलीवाला लाया मैं."

मागून अंबादास उतरला. मिलला जायच्या कपड्यांत होता. मिलमध्ये कामगार आला नाही तर त्याच्या जागी बदली घेतात. आज त्याच्या जागी तिकडे कुणीतरी बदली उभा असणार आणि हा इथे दस्तगीरचा बदली होऊन आला होता. तो आईच्या समोर येऊन उभा राहिला. नरसम्माने मान वर केली नाही. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, भुई बघायची तसं. मग उठून म्हणाली, "मधी रहा. ताणा सैल पडू देऊ नको."

पाच जणांनी माग उचलला. पुढे नरसम्मा पाण्याचा घडा आणि मीठ घेऊन, मागे आम्ही. रस्त्यात लोक पांढरं धोतर बघून थांबायचे, हात जोडायला जायचे, मग खांदे मोजून हात खाली घ्यायचे. तेलीगल्लीच्या वळणावर मिलचा भोंगा झाला. नरसम्मा मागे न बघता म्हणाली, "भोंगा झाला."

"ऐकला की," अंबादास म्हणाला. खांदा तसाच.

शिवप्पा दारातच उभे होते, एक हात दाराच्या फळीवर. आम्ही दिसल्यावर त्यांनी कानडीत देवाचं नाव घेतलं आणि बाजूला झाले. माग आत गेला, त्यानंतर थोड्याच वेळाने राहुकाळ लागला. जोडणी झाल्यावर काही धागे तुटलेले दिसले. अंबादासने न विचारता बोटं ओली केली आणि ते एकेक करून जोडले. मग सवयीने तो खड्ड्यात उतरून बसला, आणि त्याचे पाय बरोबर तळाला टेकले. खड्डा कुणाच्या मापाचा होता ते मला तेव्हा समजलं. नरसम्मा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "जेवून जा."

तो मिल सोडून परत आला नाही. पण सुट्टीच्या दिवशी येऊन पावडीखालची लाकडं बाजूला काढायचा आणि दिवसभर विणायचा. रात्री ती लाकडं पुन्हा लावून ठेवायचा. ती म्हणायची, "मिलवाला हाय, हात जड झालाय." आणि त्याने विणलेली वीत मला मुद्दाम बोलावून दाखवायची.

तीनेक वर्षांनी ती गेली, त्याच खोलीत, तापाने. मागावर लुगडं अर्धं होतं. भाऊबंद आले आणि निजवायला जागा नाही म्हणून मागाकडे वळले, तसा अंबादास आडवा आला. "पातं लावायचं न्हाई." शिवप्पांनी पुढचं दार उघडलं आणि आपल्या ओसरीवरची तेलाची पिंपं स्वतः सरकवून तिला तिथे जागा करून दिली. खड्डा म्हटल्यावर ताडकन उठणारा तो माणूस तिच्या पायांशी बसून मुलासारखा रडत होता. मीही रडले. माझी पोर कडेवर होती, तिलाही मी अम्माच म्हणत होते.

तिरडी उचलली. गल्लीतले तिघे आणि आमचे हे. अंबादास हातात मडकं घेऊन पुढे झाला. गर्दीतून दस्तगीर आला आणि पाचवा म्हणून मधोमध खांदा द्यायला वाकला. अंबादासने मागे वळून पाहिलं.

"नको चाचा," तो म्हणाला. "पाचवा मागाला. आईला चौघंच."

दस्तगीरने खांदा काढून घेतला आणि अंबादासच्या शेजारून चालायला लागला.