सौद्यावर टाकलेला सांबार

पवनीच्या बाजारात भाजी घेतली की वर मूठभर सांबार फुकट मिळतो. सांबार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. तो कोणी मोजत नाही, देणाराही नाही आणि घेणाराही नाही. मी माझा आवाज तसाच देऊन टाकला. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

इंग्रजी मला कोणत्या शाळेने दिली नाही. पवनीतले जुने बौद्ध अवशेष पाहायला अधूनमधून परदेशी पाहुणे यायचे आणि मी ऑटो चालवायचो. भाड्यावरून त्यांच्याशी भांडता भांडता भाषा आली. पुढे वर्ग काढला तोही त्याच रीतीचा. टेबलावर एक भेदरं, म्हणजे टोमॅटो, ठेवायचं. मी दुकानदार, पोरं गिऱ्हाईक. इंग्रजीत माझ्याकडून भाव पाडून घेतला की भेदरं त्याचं. मी खोटं बोलायचो, चिडायचो, टेबलावर हात आपटायचो. मग पोरंही चिडायची, आणि चिडलेलं पोर चुकायला भीत नाही. शेवटचा धडा एकच होता: जमत नसेल तर उठून चालू लागायचं. ज्याला उठता येतं, त्याचाच सौदा. उठायच्या आधी मी जीभ टाळ्याला लावून ‘टक्’ करतो. ती माझी जुनी खोड आहे.

या वर्गावर मी घर बांधलं. दुसरं काही मला येत नाही.

तीन वर्षांपूर्वी नागपूरहून एक विक्रेता आला. त्याच्या टॅबमध्ये इंग्रजी शिकवणारं ॲप होतं. पोरगं बोललं की ते ऐकायचं, चूक दाखवायचं, गुण द्यायचं. मला ते हवं होतं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. दोन तास त्याला घाम फोडला. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्याने परत बोलावलं.

“सर, आता याच्या खाली गेलो तं मालक मले जिता नाही ठेवत,” तो म्हणाला.

“मंग ने उचलून. पवनीत दुसरा गिऱ्हाईक भेटते का, पाह्य.”

त्याने बॅगेतून मटाराएवढा माइक काढला. “एक काम करा सर. वर्षभर शिकवताना हा कॉलरले लावा. जे रेकॉर्ड होईल ते कंपनीचं. मी अर्ध्या भावात देतो.”

मला हसू आलं. आवाज म्हणजे हवा. मी ‘टक्’ केलं आणि सही ठोकली. तो माझ्याआधी उठला होता, हे मला फार नंतर आठवलं.

माइकवर लाल दिवा होता. पहिल्या आठवड्यात तो डोळ्यांत खुपायचा, नंतर दिसेनासा झाला. वर्गात मात्र काहीतरी बदलत गेलं. पोरं पुढ्यात एकेक टॅब घेऊन, कानात तारा घालून बसू लागली. पूर्वी शेजारच्या किराणावाल्यापर्यंत आमचा गोंधळ जायचा. एक दिवस तो विचारायला आला, “सर, आज सुट्टी हाये का?” आत अठरा पोरं बसली होती. ओठ हलत होते, आणि आवाज फक्त टॅबच ऐकत होते.

वर्ष संपलं. माइक परत गेला. पुढच्या जूनमध्ये अकराच पोरं आली, आणि यंदा सहा.

गेल्या महिन्यात माझी जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता दिघोरीच्या एका शाळेत शिकवते. वर्ग चालू होता, तरी सरळ आत आली.

“सर, तुमी मले सांगतलं पण नाही! आमच्या पोट्ट्याईले तुमीच शिकवून राहिले न?”

“मी? दिघोरीले मी कायले येऊ?”

तिने टॅब टेबलावर ठेवला, नेमका भेदऱ्याशेजारी, आणि बोट लावलं. माझा आवाज आला. माझंच खोकणं, माझंच “नो, नो, माय फ्रेंड!”, आणि टेबलावर हात आपटल्याचा आवाजसुद्धा.

“पोट्टे म्हणतात, हे सर मस्त चिडते. फुकटात भेटलं सर, तालुक्यातल्या सगळ्या शाळाईले.”

मी तिच्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “सर, चोरी कायची? तुमीच तं देल्ला. आता ते आमच्याही हातात नाही राहिलं. आपल्याआपच बोलते.”

फोन ठेवला. डोकं तापलं होतं. त्या यंत्राशी भेदऱ्याचा सौदा करायचा आणि पोरांदेखत त्याला हरवायचं, असं ठरवून खुर्ची ओढली.

मी भाव पाडला, त्याने चढवला. मी घरच्या आजारपणाचं खोटं सांगितलं, त्याने त्याहून मोठं आजारपण काढलं. मी चिडलो, तर ते माझ्यासारखंच चिडलं, पण त्याला धाप लागली नाही. माझा शर्ट पाठीला चिकटला. पोरांनी कानातल्या तारा काढल्या होत्या.

शेवटी मी ‘टक्’ करायला जीभ उचलली. टॅबमधून आधी ‘टक्’ आलं.

मी उठलो आणि दाराकडे चालू लागलो. मागून हाक येणारच. आयुष्यभर आली आहे. उंबऱ्याशी थांबलो. हाक आली नाही. मग माझा आवाज इंग्रजीत, अगदी मऊपणे म्हणाला, “सावकाश जा. मला घाई नाही. मी इथेच आहे.”

हे वाक्य मी कधीच बोललेलो नाही. माइकच्या त्या वर्षात नाही, ऑटोवर नाही, घरी बायकोशीही नाही.

मागे वळून पाहिलं. माझी सहाही पोरं टॅबकडे तोंड करून उभी राहिली होती. वर्ग सुटताना म्हणतात तसं ती एका सुरात म्हणाली, “थँक यू, सर.”